सवाना शहर रात्री भुतं दाखवतं, पण त्यातलं सर्वात फेमस भूत कधी जिवंत तरी होतं का?

सवाना म्हटलं की आपल्याला भूगोलाच्या पुस्तकातलं आफ्रिकेतलं गवत आठवतं. पण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात याच नावाचं एक शहर आहे. १७३३ मध्ये वसलेलं. जुन्या हवेल्या, दगडी गल्ल्या आणि थोडं चाललं की एक चौकोनी बाग. अशा २४ बागा एकेकाळी होत्या, त्यातल्या २२ आजही आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात जनरल शर्मनच्या फौजेनं जॉर्जियात मोठा विध्वंस केला, पण १८६४ च्या डिसेंबरमध्ये सवाना हाती आलं तेव्हा ते जाळलं नाही. म्हणून इथली जुनी घरं वाचली.

दिवसा लोक इथं फोटो काढायला येतात. अंधार पडला की याच गल्ल्यांमध्ये दुसरा धंदा सुरू होतो, भुतांचा.

हातात कंदील घेतलेला गाईड पुढं, पर्यटकांचा घोळका मागं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एका घरासमोर थांबून एक भूतकथा. चालायचा कंटाळा असेल तर छप्पर कापलेल्या जुन्या शववाहिकेत बसवून फिरवणाऱ्या टूरही आहेत. 'अमेरिकेतलं सर्वात झपाटलेलं शहर' अशी जाहिरात करून इथं रोज रात्री तिकिटं विकली जातात. आणि यातल्या काही टूरवर स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त प्रौढांसाठी.

आता प्रश्न असा की भुताला वयाची अट कशाला?

'फक्त प्रौढांसाठी' म्हणजे नेमकं काय?

नाव ऐकून भलतंच काहीतरी वाटू शकतं, पण तसं नसतं. घोस्ट टूरचे साधारण दोन प्रकार. एक फॅमिली टूर, ती संध्याकाळी लवकर निघते. त्यातलं भूत खिडकीत दिसतं, पडदा हलवतं आणि गायब होतं. दुसरी उशिरा निघते, तिच्यात लहान मुलांना प्रवेश नसतो. कुठं वयाची अट १८ असते, कुठं २१.

याचं पहिलं कारण दारू. अमेरिकेत २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दारू मिळत नाही. बहुतेक अमेरिकी शहरांत उघड्या ग्लासात दारू घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही. सवानाच्या जुन्या भागात मात्र चालतं. अट एवढीच, की ग्लास प्लॅस्टिकचा हवा आणि १६ औंसांपेक्षा, म्हणजे साधारण पावणेपाचशे मिलीपेक्षा मोठा नको. त्यामुळं एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जात भूतकथा ऐकवणाऱ्या टूरही निघतात.

दुसरं कारण म्हणजे या गोष्टींमधला मजकूर. खून, फाशी, आत्महत्या, बलात्कार आणि माणसांची खरेदी-विक्री. लहान मुलांच्या टूरमध्ये भूत असतंच. मोठ्यांच्या टूरमध्ये ती व्यक्ती मेली कशी, हेही सांगतात.

हा सगळा प्रकार समजून घ्यायचा असेल तर टूरमधले नेहमीचे थांबे बघायला लागतात.

पहिला थांबा: बाळाला शोधणारी ॲलिस

राइट स्क्वेअर नावाची एक बाग आहे. इथं गाईड ॲलिस रायलीची गोष्ट सांगतो.

ॲलिस आयर्लंडहून आलेली करारबद्ध नोकर. म्हणजे जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात ठरावीक वर्षं मालकाकडं राबायचं. तिचा मालक विल्यम वाइज हा आजारी माणूस होता. १७३४ च्या मार्चमध्ये त्याचा खून झाला. ॲलिस आणि रिचर्ड व्हाइट नावाचा दुसरा नोकर, असे दोघं दोषी ठरले. पण ॲलिस गरोदर निघाली. मग बाळंतपण होईपर्यंत तिची फाशी थांबवली. डिसेंबरमध्ये तिला मूल झालं आणि १७३५ च्या जानेवारीत तिला फासावर चढवलं. जॉर्जियात फाशी झालेली ती पहिली बाई मानली जाते. तिचं बाळही थोड्याच दिवसांत गेलं.

इथपर्यंत इतिहास. यापुढं गाईडचं काम सुरू होतं. ॲलिस आजही आपलं बाळ शोधत फिरते, मरताना तिनं शाप दिला आणि म्हणून इथल्या झाडांवर मॉस धरत नाही, वगैरे.

सवानाच्या झाडांवरून राखाडी जटांसारखं जे लोंबतं त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. गंमत म्हणजे ते स्पॅनिशही नाही आणि मॉस म्हणजे शेवाळही नाही. ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडाचं रक्त-पाणी न शोषता ती हवेतली आर्द्रता आणि पावसाचं पाणी घेऊन जगते. कुठल्या फांदीवर ती जास्त वाढते, कुठं कमी, हे ऊन, ओलावा आणि झाडाची जात यावर ठरतं. शापावर नाही.

पण याच बागेतली दुसरी गोष्ट जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. सवाना वसवणाऱ्या जेम्स ओगलथॉर्पला या जागी पाय रोवू देणारा माणूस म्हणजे यामाक्रॉ या मूळनिवासी जमातीचा प्रमुख टोमोचिची. १७३९ मध्ये तो गेला तेव्हा त्याला मानानं याच चौकात पुरलं. १८८३ मध्ये त्याच जागी रेल्वे कंपनीच्या एका बड्या माणसाचं, विल्यम गॉर्डनचं स्मारक उभं राहिलं. टोमोचिचीच्या नावाचा मोठा दगड नंतर बागेच्या एका कोपऱ्यात ठेवला गेला.

म्हणजे एकाच चौकात फाशी गेलेली नोकर आणि कबर हिरावलेला प्रमुख, दोघंही आहेत. रात्रीच्या गोष्टींचा भाव खाऊन जाते ती ॲलिस.

दुसरा थांबा: कुंपणाबाहेरून बघायचं कब्रस्तान

कलोनियल पार्क हे शहरातलं जुनं कब्रस्तान. १७५० ते १८५३ या काळात इथं दफन व्हायचं. जाहिराती बघून वाटतं, की रात्री कबरींमधून चालायला मिळणार. तसं होत नाही. हे कब्रस्तान रात्री बंद असतं. टूर लोखंडी कुंपणाबाहेर थांबते आणि तुम्ही गजांमधून आत बघता.

इथं एक पाटी आहे. १८२० च्या पिवळ्या तापाच्या साथीत मेलेल्या जवळपास ७०० लोकांची. हा ताप डासांमुळं पसरतो हे सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं. तोवर कारण माहीत नव्हतं, घरातली माणसं पटापट मरत होती आणि घाईघाईनं पुरली जात होती. 'जिवंतपणी पुरलेल्या' माणसांच्या कथा अशा काळात न पसरत्या तरच नवल.

पण गुलाम म्हणून ठेवलेल्या काळ्या लोकांना दफन करायची जागा वेगळी होती. ती शहराच्या दक्षिण टोकाला होती. शहर वाढलं तशी ती जमीन बागा आणि घरांखाली गेली. १८५१ मध्ये त्या भागात आखलेल्या एका बागेला नाव दिलं जॉन कॅलहून यांचं. अमेरिकेचे हे माजी उपराष्ट्राध्यक्ष गुलामगिरीचे कट्टर समर्थक होते. म्हणजे ज्यांना गुलाम केलं त्यांच्याच कबरींच्या जागेवर गुलामगिरीच्या पुरस्कर्त्याचं नाव.

हे नाव काढून टाकायला २०२२ साल उजाडलं. २०२३ मध्ये नगर परिषदेनं त्या बागेला सूझी किंग टेलर यांचं नाव द्यायचं ठरवलं. सूझी १८४८ मध्ये गुलामगिरीत जन्मल्या. सवानामध्ये लपूनछपून लिहायला-वाचायला शिकल्या. पुढं यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या तुकडीत परिचारिका झाल्या आणि मुक्त झालेल्यांना शिकवलं. सवानाच्या २२ बागांपैकी बाईचं नाव मिळालेली ही पहिलीच.

तिसरा थांबा: मॉली

आता येतं सगळ्यात गाजलेलं घर. मॅडिसन स्क्वेअरजवळचं सॉरेल-वीड हाउस. टीव्हीवरच्या भूत शोधणाऱ्या कार्यक्रमांनी याला देशभर फेमस केलं.

गोष्ट अशी सांगतात. घराचा मालक फ्रान्सिस सॉरेल, श्रीमंत व्यापारी. त्याचं घरातल्या मॉली नावाच्या गुलाम मुलीशी 'अफेअर' होतं. बायको मॅटिल्डाला ते कळलं आणि तिनं उंचावरून उडी घेतली. काही दिवसांतच मॉली घोड्यागाडीच्या इमारतीत वरच्या खोलीत फासावर लटकलेली सापडली. तेव्हापासून दोघी तिथं फिरतात.

इथं काही वेळा पर्यटकांच्या हातात छोटं मशीन देतात, ईएमएफ मीटर. लाल दिवा लागला की भूत जवळ आलं म्हणायचं. खरं तर हे मीटर विद्युत-चुंबकीय क्षेत्र मोजतं. भिंतीतली वायर, फ्रिज, खिशातला मोबाइल, कशानंही त्याचा दिवा लागतो. जुन्या घरात नंतर घातलेलं वायरिंग असेल तर विचारायलाच नको. त्यात अंधार, पोटात दारू आणि 'इथंच लटकलेली होती' हे नुकतंच ऐकलेलं वाक्य. एवढं असलं की मेंदू सावलीतही चेहरा शोधतो.

पण खरा विषय मीटरचा नाहीच.

टाया माइल्स नावाच्या अमेरिकी इतिहासकार आहेत. त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि गुलामगिरीच्या इतिहासावर काम करतात. त्यांनी या घराची टूर केली. मॉलीची गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. मग इतिहासकार जे करतो ते त्यांनी केलं. मॉली कोण होती, हे कागदपत्रांत शोधायला घेतलं.

मॉली सापडलीच नाही.

सॉरेल खरा होता. त्याच्याकडं गुलाम होते, हेही खरं. मॅटिल्डाचा १८६० मध्ये पडून मृत्यू झाला, हेही खरं. पण तोवर सॉरेल कुटुंब ते घर विकून शेजारच्या घरात राहायला गेलं होतं. आणि टूरमध्ये सांगतात तशी मॉली नावाची मुलगी तिथं होती आणि तशी मेली, याचा पुरावा माइल्स यांना मिळाला नाही. २०१५ मध्ये त्यांनी यावर 'टेल्स फ्रॉम द हॉन्टेड साउथ' हे पुस्तक लिहिलं. त्यात लुइझियानातल्या मर्टल्स नावाच्या मळ्यावरची 'क्लोई' हीसुद्धा आहे. ती म्हणे मालकाच्या बायको-मुलांना विष घालणारी गुलाम बाई. तिचीही नोंद सापडत नाही.

भूत खोटंच असतं, मग मॉली खोटी निघाली तर काय बिघडलं?

हा प्रश्न कुणालाही पडेल. बिघडतं ते असं.

गोष्टीतला 'अफेअर' हा शब्द बघा. मालक आणि गुलाम मुलगी यांच्यात अफेअर कसं असणार? कायद्यानं ती त्याची मालमत्ता होती. 'नाही' म्हणायचा हक्कच तिला नव्हता. गुलाम बायकांवर मालकांनी केलेले अत्याचार हा अमेरिकेचा नोंदवलेला इतिहास आहे. घोस्ट टूरमध्ये त्याचीच प्रेमकहाणी होते. त्यात मत्सर येतो, फास येतो आणि शेवटी किंकाळी. ऐकणारा दचकतो, हसतो, घोट घेतो आणि पुढच्या थांब्यावर जातो.

दुसरी गोष्ट. जिची नोंद नाही अशी मॉली रोज रात्री फेमस होते आणि ज्यांची नावं कागदावर आहेत त्यांच्यापाशी कुणी थांबत नाही.

गाईडनं काय सांगावं यावर बंधन नाही का? आधी सवानामध्ये गाईडला लायसन्स लागायचं आणि त्यासाठी इतिहासाची परीक्षा द्यावी लागायची. २०१४ मध्ये काही गाईड कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं, बोलण्यासाठी सरकारची परवानगी मागायला लावणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. २०१५ मध्ये शहरानं ही अट काढून टाकली. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, इतिहास कोणता सांगायचा हे सरकारनं ठरवणं धोक्याचंच. पण याचा दुसरा अर्थ असा, की गाईडची गोष्ट खरी का खोटी हे तपासायचं काम आता तिकीट काढणाऱ्यावर आहे.

ज्या गोष्टीत भूत नाही

सवानाची सर्वात भयानक घटना चालत करायच्या घोस्ट टूरच्या रस्त्यावर येत नाही. ती जागा जुन्या शहराच्या बाहेर, पश्चिमेला आहे.

पिअर्स बटलर नावाचा मोठा जमीनदार कर्जात बुडाला. कर्ज फेडायला त्यानं त्याच्या मळ्यांवरची माणसं विकायला काढली. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी सवानाच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर लिलाव झाला. यादीत ४३६ माणसं होती. पुरुष, बायका, तान्ही बाळं. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. दोन दिवस पाऊस कोसळत होता. लोक म्हणाले, आभाळही रडतंय. म्हणून या लिलावाला 'वीपिंग टाइम' हे नाव पडलं, रडण्याची वेळ.

हे आपल्याला कळतं कारण मॉर्टिमर थॉमसन नावाचा न्यूयॉर्कचा पत्रकार गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन तिथं गेला होता. त्यानं जेफ्री नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाबद्दल लिहिलंय. जेफ्री विकला गेला. त्याचं प्रेम होतं डॉर्कसवर, तिचा लिलाव दुसऱ्या दिवशी होणार होता. जेफ्रीनं नव्या मालकाला विनवलं, तिलाही घ्या, आम्ही दोघं जन्मभर इमानानं राबू. मालक आधी तयार झाला. पण डॉर्कस एकटी विकायची नव्हती, एका कुटुंबासोबत गट करून विकायची होती. बाकीचे त्याला नको होते. डॉर्कस दुसरीकडं गेली.

सगळा लिलाव संपल्यावर बटलरनं विकलेल्या माणसांना निरोपाची भेट दिली. प्रत्येकी एक डॉलर.

या जागेजवळ माहितीची पाटी लागली ती २००८ मध्ये, म्हणजे जवळपास १५० वर्षांनी.

या इतिहासाचा आपल्याकडं एक धागा आहे. या लिलावानंतर १४ वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. सवानापासून हजारो मैलांवर पुण्यात बसलेल्या माणसाला त्या लढ्याचा आपल्या लढ्याशी असलेला संबंध दिसला होता. त्यामुळं मराठी माणसासाठी हा विषय अगदीच परका नाही.

निळ्या रंगाची खोली

मग सवानामध्ये हा इतिहास नीट सांगणारी जागा नाही का? आहे. ओगलथॉर्प स्क्वेअरवरचं ओवेन्स-थॉमस हाउस. १८१९ मध्ये बांधून झालेली ही हवेली आज संग्रहालय आहे. तिच्या मागच्या अंगणात गुलामांच्या राहण्याच्या खोल्या टिकून आहेत. २०१८ मध्ये संग्रहालयानं आपल्या नावातच 'स्लेव्ह क्वार्टर्स' हे शब्द घातले. आता पाहुण्यांना हवेलीच्या झुंबरांसोबत तिथं राबलेल्या माणसांबद्दलही सांगितलं जातं.

त्या खोल्यांच्या छतावर जुना निळा रंग आहे. त्याला 'हेंट ब्लू' म्हणतात. हेंट म्हणजे भूत. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरच्या गुल्ला-गीची या कृष्णवर्णीय समाजात समजूत होती, की निळा रंग लावला की वाईट आत्मे आत येत नाहीत.

म्हणजे बघा. ज्यांची आज भुतं करून विकली जातात, ती माणसंच भुतांपासून वाचायला छत रंगवत होती.

मग घोस्ट टूरला जायचं की नाही?

जायला काहीच हरकत नाही. रात्रीचं सवाना देखणं आहे आणि चांगला गाईड मिळाला तर दीड-दोन तास कसे गेले कळत नाही. फक्त काही गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बुकिंगआधी वयाची अट नीट वाचा. २१ ची अट असेल तर वयाचा पुरावा लागतो, परदेशी पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ ठेवावा. टूर घराच्या आत नेते की फक्त बाहेरून दाखवते, हेही बघून घ्या.

दोन, आधी दिवसा ओवेन्स-थॉमस हाउस करा, मग रात्री घोस्ट टूर. ज्यांनी खरी खोली बघितली आहे त्यांना रात्रीची गोष्ट वेगळी ऐकू येते.

तीन, गाईडला एक साधा प्रश्न विचारा. 'यातलं नोंदीत किती आहे आणि ऐकीव किती?' चांगला गाईड न चिडता सांगतो. काही तर आपणहून सांगतात, की इथपर्यंत इतिहास आणि यापुढं दंतकथा.

चार, गुलामगिरीच्या गोष्टीत 'अफेअर', 'लाडकी दासी', 'दयाळू मालक' असे शब्द आले की कान टवकारा. कुणाच्या तरी छळावर रंग चढवला जातोय, हे ओळखायची ती खूण आहे.

आणि पाच, जमलं तर अर्धा दिवस काढून शहराच्या पश्चिमेला 'वीपिंग टाइम'च्या पाटीपर्यंत जाऊन या. तिथं कंदील नाही, मीटर नाही, घाबरवणारा गाईडही नाही. लिलावात माणसं विकली गेली, याची नोंद त्या पाटीवर आहे. जेफ्री आणि डॉर्कसही त्यातलेच.